डबल डेकर राहू द्या भो, दहा मिनिटांनी साधी बस सोडा

ज्याला ज्याला जळगावात डबल डेकर पाहिजे त्याने आधी मे महिन्यात दुपारी दोन वाजता अजिंठा चौफुलीला अर्धा तास उभं राहून दाखवावं, मग आपण बोलू. हे मी रागाने नाही म्हणत, म्हणजे थोडं रागानेच म्हणतोय. झालं असं की आमच्या शाळेच्या ग्रुपवर एकाने एआयने बनवलेला फोटो टाकला, शिवतीर्थ मैदानाच्या बाजूने लालभडक जुन्या स्टाइलची डबल डेकर चाललीय, गोल कोपरे, पितळी दिवे, मागे उघडा दरवाजा आणि तिथे दांड्याला धरून उभा खाकी टोपीवाला कंडक्टर, रस्त्यावर एकही खड्डा नाही. खाली लिहिलंय, आपल्या जळगावला असं पाहिजे. धडाधड बदामाचे इमोजी पडले. मी फक्त एवढंच विचारलं की ही पिंप्राळ्याला जाते का आणि ही गेली तर पुढची किती वाजता. तर म्हणे तुला कशातच आनंद नाही.

आता गंमत अशी की त्या ग्रुपमध्ये डबल डेकरचं सगळ्यात जास्त वेड मलाच आहे. चार वर्षं अंधेरीला नोकरी केलीय मी, आगरकर चौक ते सीप्झ ४१५ नंबरची बस, आणि वरच्या मजल्यावरची सगळ्यात पुढची सीट मिळावी म्हणून मी समोर आलेली रिकामी साधी बस सोडून दिलीय, एकदा नाही, बऱ्याचदा. झाडाची फांदी थेट काचेवर घासून जायची. अंमळनेरहून मामा आला होता तेव्हा त्याला मुद्दाम वर नेऊन बसवलं. जिना चढताना गाडी हलली तर घाबरला, मग बसला आणि सीप्झ येईपर्यंत बोललाच नाही. गावाकडे सगळे त्याला विचारायचे, वरथीन काय दिसस रे भो? १५ सप्टेंबर २०२३ ला बेस्टची शेवटची डिझेल डबल डेकर धावली ती याच ४१५ वर. १९३७ पासून मुंबईत असलेली गाडी. सजवून काढली होती तिला, मी इथे घरी बसून तो व्हिडिओ पाहत होतो आणि बायको विचारत होती की डोळ्याला काय झालं.

तेव्हा मला आठवणींचं कौतुक शिकवू नका. पण नंतर विचार केला की मला नेमकं काय आठवतंय. गोल कोपरे? नाही. मला आठवतं की एक बस भरून गेली तरी मागची वळणावर दिसायची. मला आठवतो कंडक्टर, त्याची घंटी, आणि एखादी म्हातारी चढत असली की तो घंटी दाबायचाच नाही, ड्रायव्हर कितीही चुळबुळ करू दे. सिग्नलला गाडी थांबली की मागून उतरून चालू पडायचं हे आठवतं. खिशात पंधरा रुपये असले तरी घरी पोचू याची खात्री आठवते. यातलं काहीही त्या फोटोत नव्हतं. कंडक्टर होता, पण तो शोभेला.

हे नुसतं माझं रडगाणं नाही, लंडनमध्ये हे करून झालंय. त्यांची ती जगप्रसिद्ध लाल रूटमास्टर १९५६ साली रस्त्यावर आली, आणि ती आली तेव्हा ती जुन्या स्टाइलची वगैरे अजिबात नव्हती, उलट त्या काळातली एकदम पुढची गाडी होती. युद्धात विमानं बनवताना जे शिकले ते वापरून अॅल्युमिनियमची हलकी बॉडी केली, पॉवर स्टिअरिंग, ऑटोमॅटिक गिअर, ५६ साली! आपल्याकडे ड्रायव्हर अजून दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढत होते तेव्हाची गोष्ट. खिडकी हँडल फिरवून खाली घ्यायची सोय, चढाउतरायला मागे उघडा प्लॅटफॉर्म, सगळं काही रोजच्या प्रवाशाचा विचार करून. पन्नास वर्षं चालली आणि डिसेंबर २००५ मध्ये नेहमीच्या मार्गांवरून काढली, कारण व्हीलचेअर चढवता येत नव्हती आणि दोन माणसांचा पगार परवडत नव्हता. कारणं खरी होती. लोक हळहळले, मग बोरिस जॉन्सन यांनी २००८ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत वचन दिलं की रूटमास्टर परत आणतो, निवडून आले, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये नवी रूटमास्टर ३८ नंबरच्या मार्गावर आली. तीन दरवाजे, दोन जिने, मागे तोच उघडा प्लॅटफॉर्म. एकेक गाडी साधारण साडेतीन लाख पौंडांना. एकूण हजार गाड्या घेतल्या.

आणि वरच्या मजल्याच्या खिडक्या उघडत नव्हत्या. थंडाव्याची यंत्रणा बसवलीय ना, मग खिडकी कशाला. उन्हाळ्यात वरचे प्रवासी इतके शिजले की लोकांनी गाडीचं नाव ठेवलं रोस्टमास्टर, आणि २०१५ पासून त्याच गाड्यांना परत खर्च करून उघडणाऱ्या खिडक्या बसवाव्या लागल्या. मी हे वाचलं तेव्हा पहिला विचार भुसावळचा आला. लंडनच्या तिशीच्या उन्हात माणूस भाजून निघतो तर आमच्या पंचेचाळीसच्या उन्हात पत्र्याच्या वरच्या मजल्यावर वांगं भाजायला कपाशीच्या काड्यांचीसुद्धा गरज नाही, भरीत तयार, फक्त पुरी सोबत आणायची. एसी असेल म्हणाल. एसी असेलच, पण एसी चालू असेपर्यंत. बंद पडला की काय हा प्रश्न ज्याने लाल डब्यातून मे महिन्यात चोपडा-जळगाव केलंय तोच विचारतो. लाल डब्याची खिडकी सरकत तरी होती, अर्धी का होईना.

पुढची गोष्ट जास्त वाईट आहे. मागचा प्लॅटफॉर्म उघडा ठेवायचा तर तिथे माणूस पाहिजे, म्हणून माणूस ठेवला, पण तो तिकीट देत नव्हता, तो नुसता लोक पडू नयेत म्हणून उभा. साहजिकच हिशोब करणाऱ्यांच्या डोळ्यात खुपला आणि २०१६ मध्ये ती माणसं काढली. माणूस गेला की दरवाजा बंद. नंतर तर फक्त पुढूनच चढायचं असा नियम झाला. म्हणजे बघा, ज्या उघड्या दरवाजासाठी आणि कंडक्टरसाठी एवढा खटाटोप केला ते दोन्ही गेलं आणि राहिला काय तर आकार. सादिक खान २०१६ मध्ये महापौर झाले, त्यांनी या गाड्यांची नवी खरेदी थांबवली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एक साधी सोय आणली, की एका तिकिटात तासाभरात दुसरी बस बदलता येईल. आता या सोयीचा फोटो काढता येतो का? नाही. तिच्यावर बदाम पडतात का? नाही. पण रोज दोन बस बदलून साफसफाईच्या कामाला जाणाऱ्या बाईला विचारा तिला कुठली गोष्ट पाहिजे.

मुंबईचंही तसंच. ऑगस्ट २०२२ मध्ये नवी इलेक्ट्रिक एसी डबल डेकर गाजावाजा करून दाखवली, फेब्रुवारी २०२३ मध्ये सीएसएमटी ते एनसीपीए मार्गावर सुरू झाली. चांगली गाडी आहे, मी बसून आलोय, खोटं कशाला बोलू. पण बोलणं ९०० गाड्यांचं होतं आणि आल्या पन्नासच्या आसपास. आणि या काळात बेस्टचा एकूण ताफा, जो एकेकाळी साडेचार हजारांच्या घरात होता, तो तीन हजारांच्या खाली उतरला, आणि मे २०२५ मध्ये कमीत कमी भाडं पाचाचं दहा आणि एसीचं सहाचं बारा झालं. वर्तमानपत्रात फोटो डबल डेकरचा आणि स्टॉपवर रांग तशीच. मुंबईसारख्या ठिकाणी, जिथे रस्ता कमी आणि माणसं जास्त, तिथे डबल डेकरला खरोखर अर्थ आहे हे मी मान्य करतो, एका ड्रायव्हरमध्ये आणि रस्त्याच्या तेवढ्याच जागेत जास्त माणसं जातात. डबल डेकर हे गर्दीवरचं औषध आहे. आपल्याला झालेला आजार गर्दीचा नाही, आपला आजार आहे वाट पाहण्याचा.

थोडं गणित करू, कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा. समजा स्टेशन ते एमआयडीसी जाऊन-येऊन एक तास लागतो. एक डबल डेकर घेतली, ६५ सीटची, तर ती तासाला एकदा येणार. चुकली तर बसा तासभर. तेवढीच माणसं नऊ मीटरच्या दोन गाड्यांत बसवली तर गाडी अर्ध्या तासाला येते. दहा मिनिटांना पाहिजे असेल तर सहा लागतात. ड्रायव्हर जास्त लागतील, खर्च जास्त होईल, मान्य. पण तासाने येणाऱ्या बससाठी कोणी थांबत नसतं, ती रिकामीच फिरते, आणि मग सहा महिन्यांनी कोणीतरी म्हणतं बघा, जळगावकरांना बस नकोच आहे. हे आपण पाहिलेलं आहे. शहर बस आपल्याकडे सुरू झाली आणि बंदही पडली. बंद पडताना दोष मात्र प्रवाशांवर टाकून गेली.

आणि हे मी हवेत नाही बोलत, केंद्राची पीएम ई-बस सेवा नावाची योजना आहे, ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केली, देशभरात १०,००० इलेक्ट्रिक बस, तीन लाखांच्या वरच्या लोकसंख्येच्या शहरांसाठी. २०११ च्या जनगणनेत जळगाव साडेचार लाखांच्या वर होतं आणि धुळं पावणेचार लाखांच्या, म्हणजे आपण त्या मापात बसतो. त्यात गाड्या कुठल्या, तर १२ मीटर, ९ मीटर आणि ७ मीटर. चालवायला किलोमीटरमागे मदत मिळते ती मोठ्या गाडीला २४ रुपये, मधलीला २२ आणि छोटीला २०. म्हणजे निम्म्या आकाराच्या गाडीला फक्त चारच रुपये कमी! ज्याला आपली शहरं माहीत आहेत त्याला यातला इशारा कळायला पाहिजे, की छोट्या गाड्या घ्या आणि भरपूर फिरवा. डबल डेकर त्या यादीत नाही. हवी असेल तर स्वतःच्या खिशातून, आणि आपल्या महापालिकांच्या खिशाबद्दल काही न बोललेलं बरं.

बरं, आली डबल डेकर. ती जाणार कुठून? डबल डेकर पावणेपाच मीटरपर्यंत उंच असते. आपल्या गावाचे रेल्वेने उभे दोन तुकडे केलेत, बजरंग पुलाच्या बोगद्यातून पावसाळ्यात मोटरसायकल निघाली तरी देवाला नारळ. वायरी लोंबतायत त्या वेगळ्याच. आणि खान्देशातली सगळ्यात मोठी अडचण तर मी अजून सांगितलीच नाही, कमानी. भाऊंचा वाढदिवस, दादांची निवड, अमक्याचा पदग्रहण सोहळा, आठवड्याला एक कमान. धुळ्यात आग्रा रोडवर, जळगावात टॉवर चौकात, पहिल्याच फेरीला वरच्या मजल्यावरच्या प्रवाशाच्या तोंडासमोर कोणाचं तरी फ्लेक्सवरचं भलंमोठं हसरं तोंड येईल, आणि मला सांगा, त्या दिवशी कमान काढतील का बस?

ग्रुपमधल्या एका मैत्रिणीने मात्र मला अडवलं, आणि तिचा मुद्दा मला आजही टोचतोय. ती म्हणाली, तू म्हणतो ते सगळं खरं, पण आपल्याकडे बस म्हणजे ज्याच्याकडे गाडी नाही त्याची सोय, पोरगं अठराचं झालं की हप्त्यावर टू-व्हीलर येते, आणि बसने जातो म्हटलं की लोक विचारतात गाडी विकली का, तर निदान बस अशी दिसू दे की पोरांना तिच्यात बसावंसं वाटेल. यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. दिसणं महत्त्वाचं आहेच. लंडनचा माणूस त्याच्या बसवर प्रेम करतो म्हणून बस हा तिथे मतं मिळवायचा विषय होतो, आपल्याकडे बस बंद पडली तर एका नगरसेवकाचंही काही बिघडत नाही. पण देखणी म्हणजे जुनी का? माझ्या मते लाल डब्यात एक गोष्ट फार देखणी होती, ती म्हणजे पाटी. लाकडी किंवा पत्र्याची, ठळक मोठ्या अक्षरात गावाचं नाव, लांबून कळायचं की ही आपली. आता काही गाड्यांवर लाइटची पाटी असते, आमच्या उन्हात ती दिसतच नाही, म्हातारी माणसं गाडीसमोर हात आडवा धरून ड्रायव्हरला ओरडून विचारतात कुठी चालली. आणायचं तर ती पाटी परत आणा. हँडल खालच्या उंचीवर असावं, पहिली पायरी बुटकी असावी, सावली असलेला स्टॉप असावा आणि त्या स्टॉपवर वेळ लिहिलेली असावी. हे पण डिझाइनच आहे की, फक्त ते फोटोत कोपऱ्यात जातं.

आपल्या घरचंच उदाहरण घ्या ना, पीजे. पाचोरा-जामनेर, ५६ किलोमीटरची छोटी गाडी, इंग्रजांच्या काळातली नॅरोगेज. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली ती थांबलीच. तेव्हा आमच्यासारख्यांनी काय केलं, जुने फोटो टाकले, काय दिवस होते म्हणून उसासे सोडले, मीही टाकला. नंतर हिशोब केला की मी तिच्यात शेवटचा कधी बसलो, तर चौथीत, आत्याच्या गावाला जाताना. शेंदुर्णी-पहूरकडची जी माणसं रोज तिने जात होती त्यांना तिच्या जुनेपणाचं काही कौतुक नव्हतं, त्यांना ती स्वस्त होती आणि दारात येत होती. मी गमावलं ते एक चित्र आणि त्यांनी गमावलं ते रोजचं साधन. आता मोठी लाइन होणार म्हणतात, होऊ दे, तिच्यात पितळी दिवे नसले तरी चालतील.

जुन्याचा मान कसा ठेवायचा हे एसटीने एकदा फार छान दाखवलंय असं मला वाटतं. १ जून १९४८ ला पहिली एसटी धावली पुणे ते अहमदनगर. १ जून २०२२ ला पहिली इलेक्ट्रिक शिवाई धावली तीही पुणे ते अहमदनगरच. तारीख जुनी, मार्ग जुना, गाडी नवी कोरी. कोणी लाकडी बॉडीची बेडफर्ड बनवून आणली नाही.

आणि एसटीवरून मामीची गोष्ट आठवली. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट, तेव्हापासून मामी महिन्यातून दोनदा धरणगावहून दवाखान्याला येते, पूर्वी वर्षातून दोनदा यायची. तीसेक किलोमीटर अर्ध्या तिकिटात. आणि स्टँडवर उतरली की दवाखान्यापर्यंत दोन-अडीच किलोमीटरला रिक्षावाला तिच्याकडून त्याहून जास्त घेतो, नाहीतर सीट भरेपर्यंत उन्हात बसवून ठेवतो. रिक्षावाल्याला शिव्या देत नाही मी, तोही हप्ता भरतोय, त्याची सीट नाही भरली तर तो काय खाईल. पण मामीचं तीस किलोमीटर सरकारने सोपं केलं आणि शेवटचे अडीच सोडून दिले, तिथेच तर शहर बस लागते. तिला वरचा मजला नको, गुडघे दुखतात तिचे.

असं सगळं ग्रुपवर लिहिलं असतं तर कोणी वाचलं नसतं. म्हणून मी एक उद्योग केला. त्यांनी खोटा फोटो टाकला ना, मी खोटं वेळापत्रक टाकलं. वहीच्या कागदावर पट्टीने रेघा मारून: रेल्वे स्टेशन, नवीन बस स्टँड, आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुली, एमआयडीसी. सकाळी ६ ला पहिली, मग दर दहा मिनिटांनी, रात्री १० ला शेवटची. तिकीट १० रुपये, तासाभरात बदलता येईल. बदाम एकही पडला नाही, दोघांनी नुसता लाइकचा अंगठा टाकला. रात्री साडेनऊला शाळेतली एक मैत्रीण, जी वर्षभरात ग्रुपवर एक शब्द बोललेली नाही, तिचा फोन आला. एमआयडीसीत एका चटईच्या कंपनीत कामाला जाते, शिफ्ट सातची. म्हणाली, सहाची खरंच सहाला निघते का, आणि कधीपासून सुरू आहे? मी म्हटलं अगं नाही गं, मी बनवलंय ते, गंमत म्हणून. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, असं नको टाकत जाऊ रे, मी रिक्षावाल्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगून बसले.